देशमुखांच्या पायाचा अंगठा

“...आणि मात्रा किती?”

विश्वंभरशास्त्री उभ्यानेच विचारत होता. बसा म्हटले होते, तरी तो बसला नव्हता.

लतीफशाह फकीर जळवांच्या मडक्यातले पाणी बदलत होते. गावाबाहेर, ओढ्याच्या काठी त्यांचा तकिया होता. एक जुनी कबर, एक झोपडी आणि औषधांची गाडगी. आसपासचे लोक दुखणी घेऊन तिथे येत. विश्वंभरही कधीकाळी त्यांच्या हाताखाली तिथेच शिकला होता. मग तो काशीला गेला. परत आला तेव्हा देशमुखांनी त्याला घरचा वैद्य नेमले. आता त्याच्या खांद्यावर शाल होती.

“कशाची मात्रा?”

“सुरंजानाची.”

सुरंजान म्हणजे इराणातून अत्ताराच्या दुकानी येणारा एक वाळका कंद. सांधे सुजून लाल झाले की हकीम तो पोटात देत.

“तुम्ही काशीला जाऊन आलात,” शाह म्हणाले. “तिथे सांगितली असेल.”

“काशीत सुरंजान शिकवत नाहीत.”

“या रोगाचं नाव तरी सांगतात?”

“वातरक्त. आढ्यवातही म्हणतात. म्हणजे श्रीमंतांचा वात.”

“चांगलं नाव आहे. आमच्या पुस्तकांत निक्रिस म्हणतात. त्यात रोग्याची चेष्टा नाही.”

विश्वंभर अजून उभाच होता.

“समजा, एक रोगी आहे. वय पन्नाशीचं. उजव्या पायाचा अंगठा...”

“समजा कशाला? देशमुख म्हणा.”

“मी नाव घेतलं नाही.”

“अमृतराव देशमुखांचा अंगठा गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे, शास्त्रीबुवा. ती त्याला वळसा घालून जातात.”

हे खोटे नव्हते. मागच्या दसऱ्याला धाकटा चुलतभाऊ आपट्याची पाने देऊन देशमुखांच्या पाया पडला होता. त्याच्या पागोट्याची कड अंगठ्याला लागली. देशमुखांनी जी शिवी दिली, ती ऐकून देवीची पालखी वेशीतच थांबली. भोयांना वाटले, गढीवर मारामारी झाली. तेव्हापासून गढीत कोणी, देशमुखांच्या पत्नी आऊसाहेबसुद्धा, त्यांच्या पायाला हात लावत नसे. सगळे उंबऱ्यावरूनच नमस्कार करत.

“उंबऱ्यावरून नमस्कार देवाला करतात,” शाह म्हणाले. “देशमुखांना बढती मिळाली.”

विश्वंभर हसला नाही.

“लग्न आहे,” तो म्हणाला. “थोरल्या मुलाचं. सून मोठ्या घरची. घरात आली की सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवणार. तिच्या माहेरची माणसं बघत असणार. देशमुख मला म्हणाले, शास्त्रीबुवा, तिच्या कपाळाचा भार या पायानं सोसला पाहिजे. त्या लोकांसमोर मी ओरडलो, तर मला तोंड दाखवायला जागा नाही.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी शब्द दिला.”

“एकांतात?”

“...सदरेवर.”

“हं.”

शाहांनी एक जळू बोटावर घेतली, उजेडात धरून पाहिली आणि ताज्या पाण्यात सोडली.

“मी लावल्या होत्या त्याला जळवा. उतार पडला होता.”

“पुढच्या अमावास्येपर्यंत. मग पुन्हा तेच. त्यानंतर सगळं झालं शाहजी. गुळवेलीचे काढे झाले. दुधातून एरंडेल झालं. तीळ वाटून लेप घातले. शीर तोडून रक्त काढलं. एक गोसावी आला होता, त्यानं पोटरीला तापल्या लोखंडाचा डाग दिला.”

“मग?”

“डाग राहिला. अंगठाही राहिला.”

“मटण सोडा म्हणालात?”

“म्हणालो.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ते सोडायचं तर वैद्य कशाला ठेवलाय.”

शाह हसले. दात फारसे नव्हते.

“मग उरलं सुरंजान,” विश्वंभर म्हणाला. “आणि तेवढंच तुम्ही मला नीट शिकवलं नाहीत. सगळ्या औषधांची मात्रा सांगितलीत, याची नाही. मी विचारलं की तुम्ही रोग्याकडे बोट दाखवायचात. मला वाटायचं, तुम्हालाच माहीत नाही.”

“बरोबर वाटायचं.”

“थट्टा करू नका.”

“थट्टा नाही. मी थोडं देतो. मग वाट बघतो. मग आणखी थोडं. पोट सैल झालं की थांबतो. कुणाचं लवकर होतं, कुणाचं उशिरा. पोट सैल झालं म्हणजे कंद सांगतो, आता पुरे, यापुढे मी औषध नाही. मला एवढंच कळतं. हे मात्रा माहीत असणं म्हणावं की नाही, मला कधी ठरवता आलं नाही.”

“हे शास्त्र नव्हे.”

“नसेल. पण ही बघा.” त्यांनी मडक्यात बोट दाखवले. “पोट भरलं की आपली आपण सुटते. हिला मात्रा कोणी सांगितली?”

“ती जळू आहे. तो माणूस आहे.”

“तेही खरं,” शाह म्हणाले. “जळूच्या घरी लग्न नसतं.”

ओढ्याकडून धुणी धोपटण्याचा आवाज येत होता.

“आणि...” विश्वंभर म्हणाला, “पोट सैल झालंच नाही तर?”

शाहांचा हात पाण्यातच थांबला.

“का होणार नाही?”

“समजा.”

“पुन्हा समजा.”

“अंगठ्याची सूज उतरली. दुखणं थांबलं. आणि पोट मात्र घट्ट. असं असलं तर?”

“असं होत नाही.”

“झालं आहे.” त्याच्या आवाजात भीती होती, पण तिच्या वर थोडा ताठाही होता. “मी केलं आहे.”

शाहांनी हात बाहेर काढला. पुसला नाही.

“कसं?”

विश्वंभर तेव्हा खाली बसला. बसल्यावर तो भराभर बोलू लागला.

“तुम्ही पूर्वी एकदा देशमुखांना सुरंजान दिलं होतं. अख्खी रात्र ते तांब्या घेऊन परसाकडे जात होते. त्यांनी तेव्हाच शपथ घेतली, हे औषध पुन्हा घेणार नाही. आणि आता तर घर पाहुण्यांनी भरलेलं. लग्नघरचा धनी दर घटकेला तांब्या उचलतो, हे शोभतं का? मी विचार केला. या औषधात गुण आहे आणि एक दोष आहे. दोष काढला की गुणच उरेल. मी कंदाबरोबर अफू दिली. फार नाही, मुगाएवढी. वर बेलफळाचा गर, मुरडशेंग. पोट बांधलं गेलं. एकदाही उठावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी देशमुख अंगणात चालले शाहजी. जोडा घालून चालले. आऊसाहेबांनी माझी दृष्ट काढली.”

शाह ऐकत होते.

“हे कोणी केलं नव्हतं,” विश्वंभर म्हणाला. “ना तुमच्याकडे, ना आमच्याकडे.”

“नव्हतं. दुखणं थांबलं, तेव्हा औषध थांबवलंस?”

तुम्ही, शास्त्रीबुवा, हे सगळे त्यांच्या बोलण्यातून गेले होते. विश्वंभरच्या ते लक्षात आले.

“नाही. लग्नापर्यंत परत उलटू नये म्हणून...”

“चालूच ठेवलंस.”

“थोडं वाढवलं.”

“आज दिलंस?”

“सकाळी.”

“आणि आता देशमुख कसे आहेत?”

विश्वंभरने शालीचे टोक मुठीत धरले.

“शांत आहेत. पडून असतात. काल आऊसाहेबांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पाहिलं, ते हूं की चूं बोलले नाहीत. घरात सगळ्यांना आनंद झाला. मी... मी हात पाहिला. हात गार लागला.”

“कधी?”

“काल.”

“आणि तू आज आलास. मात्रा विचारायला.”

शाह उठले. जळवांच्या मडक्यावर फडके बांधले. कोपऱ्यातली एक कुपी घेतली, थोडे मीठ पुरचुंडीत घेतले.

“घोडं आणलंयस?”

“बाहेर आहे.”

“मी बसतो. तू लगाम धर.”

*

गढीत हळद कुटण्याचे काम चालले होते. ओसरीवर बायका होत्या, दारात केळीचे खांब बांधले होते. फकीर आलेला पाहून आऊसाहेब पुढे आल्या.

“या शाहजी. बघा तरी, तुमच्या चेल्यानं काय जादू केली. तुमच्या जळवांना जे जमलं नाही ते.”

“तेच बघायला आलो.”

“झोपलेत. पण चला. आता त्यांच्या खोलीत पाय वाजवले तरी चालतात.”

देशमुख पलंगावर उताणे होते. डोळे अर्धे उघडे. ओठ कोरडे पडले होते. उजवा पाय पांघरुणाबाहेर होता. अंगठ्यावरची सूज खरोखरच उतरली होती, कातडीला सुरकुती पडली होती.

शाह पायाशी बसले. विश्वंभरकडे एकदा पाहिले. मग त्यांनी आपला अंगठा देशमुखांच्या अंगठ्याच्या सांध्यावर ठेवला आणि जोराने दाबला.

आऊसाहेबांचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

देशमुख हलले नाहीत.

“बघितलंत?” आऊसाहेब म्हणाल्या. “काही दुखत नाही त्यांना.”

शाहांनी बोट काढले नाही. आणखी दाबले. काही नाही.

“देशमुख, घसा जळतो का?”

पापण्या हलल्या. बहुधा हो.

“पाणी मागतात का?”

“मागतात,” आऊसाहेब म्हणाल्या, “पण दिलं की नको म्हणतात. शास्त्रीबुवा म्हणाले, औषधाची उष्णता आहे.”

शाहांनी कुपी जमिनीवर ठेवली. “एरंडेल आहे. गरम पाण्यातून द्यायचं. पोट मोकळं झालं पाहिजे. मग तांदळाची पेज, मीठ घालून, घोट घोट. रात्रंदिवस.”

आऊसाहेबांचा चेहरा बदलला.

“जुलाब देता? शाहजी, चार दिवसांवर लग्न आलंय. पाहुणे उतरलेत. शास्त्रीबुवांनी मोठ्या कष्टानं पोट बांधून ठेवलंय त्यांचं.”

“हो.”

“मग ते सोडवायचं का?”

शाह उठले आणि भिंतीशी जाऊन टेकले.

“ते शास्त्रीबुवा सांगतील.”

विश्वंभरने त्यांच्याकडे पाहिले. “मी?”

“औषध माझं नाही.”

“तुम्ही सांगितलंत तर त्यांना पटेल.”

“म्हणून तर.”

खोलीत हळदीचा वास येत होता. बाहेर कोणीतरी ओवी धरली होती, दुसरीने तिला मध्येच चिडवले, हशा झाला.

विश्वंभर म्हणाला, “आऊसाहेब... पोट सैल होणं हा दोष नव्हता. ती थांबायची खूण होती. मी ती पुसून टाकली. मग कुठे थांबायचं ते मला दिसलं नाही. औषध केव्हाच संपलं होतं. त्यापुढे मी देत होतो ते विष होतं.”

आऊसाहेबांनी हे ऐकले. मग त्यांनी देशमुखांचा पाय पांघरुणाखाली घेतला.

“वाचतील का?”

विश्वंभरने शाहांकडे पाहिले.

“माझ्याकडे बघू नकोस,” शाह म्हणाले. “मला माहीत नाही.”

*

पुढचे दिवस कसे गेले, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. काही म्हणतात, आऊसाहेबांनी विश्वंभरला गढीबाहेर काढले होते आणि शाहांच्या शब्दावर परत घेतले. काही म्हणतात, त्या त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, एवढेच. तो खोलीत होता, हे मात्र सगळेच सांगतात.

पोट मोकळे झाले. एकदा मोकळे झाल्यावर ते थांबेना. ओकाऱ्याही होत्या. नोकरमाणसे घाण काढायला कुरकुरू लागली, तेव्हा विश्वंभरने शाल काढून खुंटीला टांगली आणि धोतर वर खोचून घाणीच्या पाट्या उचलू लागला. काशीला जाऊन आलेला शास्त्री, हे पाहायला दाराशी माणसे जमत. शाहांनी त्यांना हटकले नाही, विश्वंभरला शाबासकीही दिली नाही.

पेज घोट घोट जात होती. कधी राहत होती, कधी बाहेर येत होती.

रोज सकाळी शाह पायाशी बसत आणि अंगठा दाबत. देशमुख छताकडे बघत राहत.

“काय बघता?” विश्वंभरने शाहांना विचारले.

“घरात कोणी आहे का. कडी वाजवून बघतो.”

मुहूर्त पुढे ढकलता येईना. चुलतभाऊ नवऱ्या मुलाला घेऊन व्याह्यांच्या गावी गेला. लग्न तिकडेच लागणार होते. गढी रिकामी झाली. ओसरीवर कुटलेली हळद तशीच राहिली.

त्या दुपारी विश्वंभर म्हणाला, “शाहजी, मी एक ठरवलंय.”

“बोल.”

“हे वाचले, तर मी वैद्यकी सोडीन. पुन्हा कुणाला पुडी देणार नाही.”

“आणि नाही वाचले तर?”

“तरी सोडीन.”

“म्हणजे ते जगोत किंवा मरोत, तुझं ठरलेलंच आहे.”

विश्वंभर पाटी उचलायला वाकला.

“मग पाटी कशाला उचलतोस? घरी जा.”

“तसं नाही...”

“कसं?”

“मला भीती वाटते. यापुढे प्रत्येक पुडी बांधताना माझा हात कापेल.”

“कापू दे.”

“कापत्या हातानं औषध देता येतं?”

शाहांनी आपला हात पुढे केला, देशमुखांच्या ओठांशी पेजेची वाटी धरली. हात कापत होता. वयाने कापत होता की कशाने, सांगता येत नव्हते. पेज थोडी सांडली, थोडी आत गेली.

“पुस ते,” ते म्हणाले.

विश्वंभरने हनुवटी पुसली.

“शाहजी, तुम्हाला राग आला नाही?”

“कशाचा?”

“मी तुमचं औषध असं... मला वाटलं, मी ते सुधारलं.”

“सुधारलंसच. दुखणं थांबलं, पोट थांबलं, ओरडणं थांबलं.” शाहांनी वाटी खाली ठेवली. “काही थांबायचं राहिलंय का, ते बघत बसलोय.”

विश्वंभर उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने परत आला, तेव्हा त्याने तोंड धुतलेले होते. तो पुन्हा पलंगाशी बसला. देशमुखांचा हात हातात घेतला. तो नाडी पाहत नव्हता. नुसता धरून बसला होता.

“गार नाही,” तो काही वेळाने म्हणाला.

“नाही?”

“कालच्यापेक्षा नाही. की माझाच हात गार झालाय?”

शाहांनी दोघांचेही हात चाचपले.

“मलाही नक्की कळत नाही,” ते म्हणाले. “पेज दे.”

*

वरात आली ती टळटळीत उन्हात. वाजंत्री वेशीपाशीच बंद करायला लावली होती, त्यामुळे बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा आला. नवरी होती, तिचा मामा होता, माहेरची आणखी काही जाणती माणसे होती. मोठ्या घरची माणसे. व्याही आजारी आहेत हे त्यांना कळवले होते, किती ते कळवले नव्हते.

आऊसाहेबांनी माप ओलांडायला लावून सुनेला घरात घेतले. मग त्या क्षणभर थबकल्या.

“यांना भेटवू का शाहजी?”

“भेटवा.”

“ते ओळखणार नाहीत.”

“ती तरी कुठे ओळखते त्यांना?”

देशमुख तसेच उताणे होते. सकाळी त्यांनी पेज राखली होती. डोळे पूर्ण उघडे होते. बोलले मात्र नव्हते. सकाळी शाहांना कोणीतरी तकियावरचा रोगी बघायला बाहेर बोलावले होते, त्यामुळे त्या दिवशी अंगठा दाबायचा राहून गेला होता.

मुलगा आणि सून खोलीत आली. मागे मामा, चुलतभाऊ, दाराशी बायका. विश्वंभर कोपऱ्यात पेजेची वाटी घेऊन उभा होता. त्याच्या अंगावर शाल नव्हती. व्याह्यांकडच्या माणसांनी त्याला स्वयंपाकी समजून त्याच्याकडे पाणी मागितले. त्याने दिले.

मुलाने घरच्या सवयीने उंबऱ्यावरूनच हात जोडले.

सुनेला ती सवय सांगायची कोणाला सुचले नव्हते. ती मुंडावळ्या सावरत सरळ पलंगाशी गेली. पदर डोक्यावर नीट घेतला. दोन्ही हातांनी सासऱ्यांचे पाय धरले आणि माहेरी शिकवले होते तसे, सगळा भार देऊन, कपाळ त्यांच्या पायांवर टेकवले.

आऊसाहेब पुढे झाल्या. उशीर झाला होता.

देशमुख ओरडले.

आधी नुसता आवाज निघाला, आठवडाभर न वापरलेल्या गळ्याचा. मग शब्द सापडले. ते कोपरावर उठले, खोलीभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यातल्या विश्वंभरवर येऊन थांबली. देशमुखांनी त्याच्या बापापासून सुरुवात केली. मग आजा घेतला. मग काशीतल्या त्याच्या गुरूंची चौकशी केली, ते माणसे शिकवतात की गाढवे, असे विचारले, आणि गाढवांच्या बाबतीत पुढे पुष्कळ बोलले. शब्द तुटत होते, मध्ये धाप लागत होती, धाप ओसरली की ते पुन्हा तिथूनच सुरू करत होते.

सून मागे सरून भिंतीला टेकली. तिचा मामा चुलतभावाकडे बघत होता, चुलतभाऊ जमिनीकडे. दाराशी कोणीतरी “पाणी, पाणी” म्हणाले, पण कोणी हलले नाही.

आऊसाहेबांनी पदर तोंडावर घेतला होता. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते बाहेरून कळण्यासारखे नव्हते.

विश्वंभर वाटी खाली ठेवून पलंगाकडे धावला. अंगठा पुन्हा लाल झाला होता. देशमुखांनी दोन्ही हातांनी घोटा धरला होता.

“उलटलं,” विश्वंभर म्हणाला. “शाहजी, दुखणं परत आलं. सगळ्यांसमोर आलं. जो शब्द दिला होता, तोच...”

देशमुख आता त्याच्या आजोळाकडे वळले होते.

“फार दुखतंय त्यांना. बघवत नाही. काहीतरी द्यायला पाहिजे. लेप तरी... काय देऊ?”

त्याचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला. हात कापत होता.

लतीफशाहांनी त्याचे मनगट धरले.

“थांब. आधी त्यांची शिवी पुरी होऊ दे.”